सतराला कुंकू, अठराला हळद

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना मी शेवटपर्यंत नीट सांगू शकले नाही. त्यांनी स्वतःच एक सोपं उत्तर बनवलं होतं. खांदा कॉलनीतल्या बायकांना त्या अभिमानाने सांगायच्या, "आमची सून चुंबकाचं औषध करते." त्याचा परिणाम असा झाला की आमच्या बिल्डिंगमधले तीन गुडघे आणि एक कंबर त्या औषधासाठी माझ्या दारात येऊन गेली. एका काकांनी तर स्वतःची रिकामी बाटली आणली होती. त्यांना मी सांगितलं, की हे औषध कुठलाच आजार बरा करत नाही, ते फक्त आजार दाखवतं. त्यावर ते म्हणाले, "मग त्यात काय उपयोग? दुखतंय ते मला दिसतंयच की."

त्या काकांना तेव्हा जे समजावता आलं नाही, ते आता तुम्हाला समजावून बघते.

एमआरआयच्या बोगद्यात माणूस झोपतो, तेव्हा तो एका मोठ्या चुंबकाच्या पोटात असतो. आपल्या अंगात सगळीकडे पाणी, आणि पाण्यातले हायड्रोजनचे कण त्या चुंबकापुढे शिस्तीत उभे राहतात. मशीन त्यांना हलकासा धक्का देतं, ते कलंडतात आणि पुन्हा जागेवर येतात. कुठलं पाणी किती पटकन जागेवर येतं, त्यावरून चित्र तयार होतं. अडचण अशी की मेंदूतली गाठ आणि तिच्या शेजारचा चांगला मेंदू, दोन्ही कधीकधी सारखेच करडे दिसतात. अशा वेळी शिरेतून गॅडोलिनियम द्यायचं. या धातूकडे सात एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि ते जवळच्या पाण्याला असं काही घाईला आणतात की गॅडोलिनियम जिथे पोचतं तो भाग चित्रात पांढराशुभ्र होतो.

एवढा गुणी धातू असूनही तो सुटा असला तर विषारी. आकाराने तो साधारण कॅल्शियमएवढा असतो, त्यामुळे शरीरात कॅल्शियमच्या जागा पटकावून बसतो. म्हणून त्याला एका रेणूच्या पकडीत बंद करूनच आत सोडायचं आणि लघवीवाटे पकडीसकट बाहेर काढायचं. माझं काम ही पकड बनवण्याचं. गॅडोलिनियमभोवती नऊ जागा असतात. आठ पकडीने अडवायच्या आणि नववी पाण्यासाठी मोकळी ठेवायची. तिथे पाण्याचा एकेक रेणू येतो, टेकतो आणि निघून जातो, सेकंदाला लाखो वेळा. नववीही अडवली तर औषध अगदी सुरक्षित आणि अगदी बिनकामाचं. सातच अडवल्या तर चित्र झकास आणि पकड सैल. या आठ आणि नऊच्या मध्ये माझी तरुणपणाची सहा वर्षं गेली, आणि मी मजेत होते.

आमची कंपनी तळोज्याला होती, छोटीशी. मालक भाऊसाहेब. सकाळी कारखान्यात शिरताना आधी गणपतीला, मग बॉयलरला आणि मग आम्हाला नमस्कार करणारे. परदेशातून येणारं हे औषध आपण इथे आणि वेगळ्या पद्धतीने बनवू, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यातलं रसायनशास्त्र त्यांना कळत नव्हतं, पण माझ्यावर विश्वास होता. असा मालक फार थोड्यांना मिळतो, हे मला बाकीच्या नोकऱ्यांमध्ये कळलं.

आमच्या पकडीची गंमत अशी होती. बाजारातल्या पकडी उघड्या हातांच्या होत्या. आम्ही कडं केलं, गॅडोलिनियमला गोल वेढणारं, म्हणजे निसटायला वाव कमी. शिवाय त्या कड्याला एक शेपूट लावलं. शेपूट का, तर जड रेणू सावकाश गिरक्या घेतो आणि लहान चुंबकात सावकाश फिरणाराच जास्त चमकतो. चुंबकाची ताकद वाढत गेली की मात्र अशा जड रेणूचा तोरा उतरतो आणि लहान चपळ रेणू त्याला गाठायला लागतात. तेव्हा मुंबईत मोठ्या ताकदीची नवी मशीन्स येऊ लागली होती. म्हणून आमचं शेपूट ना फार लांब ना फार आखूड, असं बेतायचं होतं. ते मी सोळा वेळा बेतलं. आमच्याकडे टेबलावर मावणारं एक लहान चुंबक होतं, त्यात आमचा रेणू छान चमकायचा. मोठ्या चुंबकात तो चमकेल का, हे कागदावर मांडता येत होतं, पण डोळ्यांनी कोणी पाहिलं नव्हतं.

आता विमलताई. परीक्षण विभाग म्हणजे विमलताई. बी.एस्सी. झालेल्या, पनवेलात वाढलेल्या, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा अपघातात गेला आणि त्या माहेरी परत आल्या. हाताला अशी नजर होती त्यांच्या, की पिपेटमधून पडणारा थेंब त्यांना आधी कळायचा आणि मग पिपेटला. तयार औषधात सुटं गॅडोलिनियम राहिलं आहे का, हे त्या तपासायच्या. त्यासाठी झायलेनॉल ऑरेंज नावाचा एक रंग असतो. औषधात त्याचे दोन थेंब टाकायचे. सगळा धातू पकडीत असेल तर द्रव पिवळाच राहतो. चुकून जरी सुटा धातू असला, तर लालजांभळा होतो.

पहिल्यांदा ही परीक्षा करताना विमलताई म्हणाल्या, "मॅडम, हे तर आपलं हळदीकुंकूच की. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तसंच." आणि मग एकदम हसत म्हणाल्या, "बाहेर मला कोणी बोलवत नाही, म्हणून देवाने इथे रोजचं ठेवलंय." मीही हसले. त्या दिवसापासून परीक्षण विभागाची भाषाच ठरली. पिवळं म्हणजे हळद, म्हणजे पास. लाल म्हणजे कुंकू, म्हणजे नापास. बाहेरच्या जगात ज्याला शुभ म्हणतात ते आमच्याकडे अशुभ होतं, आणि विमलताईंना यात विशेष आनंद होता. "आज कुंकू निघालं," असं त्या इतक्या चेहरा पाडून सांगायच्या की नव्या माणसाला धक्काच बसायचा.

कड्याची पावडर दमट हवेत पाणी धरते, हे आम्हाला नापास होत होतच कळलं. आपण शंभर ग्रॅम वजन करतो, त्यातले पाच-सहा ग्रॅम पनवेलची हवा. म्हणजे पकडी कमी, धातू तेवढाच, आणि काही धातू बिचारा उघड्यावर. हेही विमलताईंनीच ओळखलं. त्या म्हणाल्या, "घरचं मीठ बघा ना, बरणीत कसं ओलं होतं." सतराव्या घाण्याची, म्हणजे सतराव्या खेपेच्या मालाची, पावडर माझ्याच घाईमुळे सुकवायची राहिली. अठरावा घाणा आम्ही पावडर नीट सुकवून केला.

या दोन घाण्यांपैकी जो पास होईल तो डॉ. मुकादम यांच्याकडे जायचा होता. हे डॉक्टर मूळ पनवेलचेच, कोकणी मुसलमान घरातले, आणि आता खाडीपलीकडे त्यांच्या स्कॅनिंग सेंटरमध्ये मोठ्या ताकदीचं मशीन होतं. सशांवरच्या तपासण्या झाल्या होत्या. पुढे माणूस लागणार होता. डॉक्टर म्हणाले होते, "पहला डोस मेरा. मी पेशंटला जे देतो ते आधी स्वतः घेतो, माझा उसूलच आहे." आज असं कोणी केलं तर नियमाप्रमाणे सगळ्यांचे परवाने जातील, आणि जायलाच हवेत. तेव्हा आम्हाला ते फार थोर वाटलं.

तो दिवस मंगळवार. भाऊसाहेबांनी पॅकिंगवाल्यांना सकाळीच बजावलं होतं, की पहिलं खोकं कुंकू लावल्याशिवाय गेटबाहेर जाता कामा नये. नवी मोटार असो, नवं मशीन असो, त्यांच्याकडे कुंकवाशिवाय काही हलायचं नाही. खोकी मात्र आमच्या कपाटात होती, आणि हा हुकूम आम्हाला कोणी सांगितला नव्हता. दहाच्या सुमारास त्यांनी वरून इंटरकॉम केला. पुढचं संभाषण विमलताईंनी मला नंतर इतक्या वेळा ऐकवलं की मला पाठ आहे.

"विमलताई, कुंकू लागलं का?"

"लागलं ना साहेब. सतराला लागलं."

"वा! आणि अठराला?"

"अठराला नाही. नुसती हळद."

"बरं, बरं. नुसत्या हळदीचं राहू द्या."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि शिपायाला सांगून सतराचं खोकं गाडीत ठेवायला लावलं आणि ते घेऊन स्वतःच निघाले. विमलताईंना वाटलं, साहेबांनी निकाल विचारला. साहेबांना वाटलं, बाईंनी पूजा उरकली. नापास मालाला लावायची लाल चिठ्ठी माझ्या टेबलावर सहीसाठी पडली होती आणि मी पलीकडच्या खोलीत चुंबकाशी खेळत बसले होते. ती सही मी वेळेवर केली असती तर हा लेख लिहायला काही उरलं नसतं.

साडेदहाला मी सही केली, चिठ्ठी घेऊन कपाट उघडलं. अठरा होता. सतरा नव्हता.

"विमलताई, सतरा कुठाय?"

त्या कपाटाजवळ आल्या. आधी कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग कपाळाला हात लावला. "अगं बाई! ते खोक्याचं कुंकू विचारत होते आणि मी बाटलीचं सांगितलं!"

मी खरं सांगते, मला पहिल्यांदा हसू आलं. दोन क्षणच. मग डॉक्टरांचा दंड डोळ्यांसमोर आला. तेवढ्या सुट्या धातूने माणूस दगावला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण यकृतात, हाडांत तो जाऊन बसला असता, आणि तो माणूस केवळ आमच्या शब्दावर बाही वर करून बसला होता. अकरा-साडेअकराला सुरू करू, असं ठरलेलं. फोन उचलला तर बाहेरची लाइन मुकी. रस्त्यावर कुठेतरी खोदकाम चालू होतं, त्यात केबल गेली होती.

आमचा बाळाराम भट्टीवर होता. जवळच्या ओवे गावचा. घरची शेती करून आमच्याकडे रिअ‍ॅक्टर सांभाळणारा, आणि मोटारसायकल असलेला कारखान्यातला एकमेव माणूस. त्याला मी एका श्वासात सगळं सांगितलं. त्याने हात पुसले.

"बाय, म्हंजे त्या डॉक्टरला कच्चा माल टोचनार हाय?"

"हो."

"मंग बसा मागं. भट्टीकडं विमलबाय बघंल."

मी मांडीवर अठराचं खोकं, मुठीत रंगाची बाटली, अशी साडी सावरत एका बाजूला बसले आणि आम्ही निघालो. कळंबोली गेली, कामोठे गेलं. बाळाराम मागे वळून माझ्याशी बोलत होता आणि मी त्याला पुढे बघायला सांगत होते. बेलपाड्याजवळ एक म्हैस सायन-पनवेल रस्त्याच्या मधोमध उभी. बाळारामने तिला तिच्या मालकाच्या नावाने हाक मारली. ती बाजूला झाली.

"ओळखीची?" मी विचारलं.

"आमच्या आत्याची हाय ती."

मला पुन्हा हसू फुटलं. आयुष्यात इतका वेग मी पुन्हा कधी अनुभवला नाही आणि इतकी जिवंतही क्वचितच होते. खाडीपुलावर पदर असा फडफडायला लागला की तो दातांत धरावा लागला. त्यामुळे बाळाराम जे जे विचारत होता त्याला मी नुसतं हुंकारत होते, आणि पूल संपल्यावर कळलं की त्यातला एक प्रश्न "थांबू का?" असा होता. नशीब, तो थांबला नव्हता.

सेंटरमध्ये शिरले तर बाहेरच्या बाकावर भाऊसाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेले. "या, या दिघेबाई! वेळेवर आलात. आत गेलेत डॉक्टर."

"इंजेक्शन दिलं?"

"अजून नाही. आधी साधं चित्र काढतात म्हणे."

मी कंट्रोल रूममध्ये घुसले. काचेपलीकडे डॉक्टरांचे फक्त पाय दिसत होते. तिथेच त्यांच्या शेजारी सिस्टर भरलेली सिरिंज ट्रेमध्ये घेऊन तयार. मशीनचा दणदणाट चालू. मी टेक्निशियन बाईंना म्हटलं, "थांबवा हे. औषध चुकीचं आहे."

त्या शांतपणे म्हणाल्या, "सॉरी मॅडम. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, बाहेरचं कोणी काहीही म्हटलं तरी थांबवायचं नाही. मागच्या वेळी त्यांच्या मिसेसनी येऊन थांबवलं होतं."

"अहो, मी मिसेस नाही! मीच बनवलंय ते औषध!"

"मग आत जाऊन तुम्हीच सांगा ना. पण अंगावर मेटल नको. चार मिनिटं आहेत, मग सिस्टर इंजेक्शन देणार."

आत जाण्यासाठी चार मिनिटांत एका मराठी बाईच्या अंगावरचं धातूचं सगळं उतरवायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी मला कळलं. घड्याळ. पाटल्या. कानातलं. नाकातली चमकी. "सोनं चुंबकाला चिकटत नाही," असं मी सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "इथे सगळ्यांचं सगळंच काढतात मॅडम." मंगळसूत्र गेलं. जोडवी निघेनात, तेव्हा मागोमाग आलेल्या भाऊसाहेबांनी मान दुसरीकडे फिरवली आणि टेक्निशियन बाईंनी जमिनीवर बसून ती ओढून काढली. केसांतले आकडे नऊ. मग साडीच्या पिना. खांद्यावरची, निऱ्यांची, पदराची. पिना निघत गेल्या तशी साडी मला सोडून चालली.

"ब्लाउजचे हूक?" मी घाबरून विचारलं.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. तेवढी दया त्यांनी दाखवली.

एका हाताने निऱ्या धरून, दुसऱ्या हातात रंगाची बाटली घेऊन, केस मोकळे, अशी मी आत धावले. सिस्टर किंचाळल्या. सिरिंज डॉक्टरांच्या हातातल्या सुईला जोडली जाणार होती, ती मी सिस्टरच्या हातातून ओढलीच. त्याच वेळी मशीन थांबलं आणि डॉक्टर बोगद्यातून सरकत बाहेर आले. कानात कापूस. मला बघून ते अर्धवट उठले.

मी ओरडले, "डॉक्टर, कुंकू लागलंय!"

त्यांनी कपाळाला हात लावून बघितलं. "मला?"

मी सिरिंजमधले चार थेंब ट्रेमध्ये काढले, त्यावर रंगाचे दोन थेंब टाकले. डोळ्यांदेखत लालजांभळं झालं. हसू, दम आणि रडू एकाच घशातून यायला बघत होतं. तुटक तुटक मी सगळं सांगितलं. इंटरकॉम, खोक्याचं कुंकू, बाटलीचं कुंकू. डॉक्टर ऐकत राहिले, आणि मग टेबलावर आडवे होऊन असे हसले की सिस्टरला त्यांच्या हातातली सुई धरून ठेवावी लागली. "या अल्ला! आमच्या घरात कुंकू आजवर आलं नाही, आणि येणार होतं ते थेट शिरेतून!"

दाराशी भाऊसाहेब उभे होते. ते हसत नव्हते. पुडा हातात तसाच. "म्हणजे दिघेबाई, मी..." एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, की चूक कोणाची हे ठरवायला गेलो तर ती सगळ्यांत थोडी थोडी निघेल आणि त्यातला मोठा वाटा माझ्या न केलेल्या सहीचा असेल. मी तसं त्यांना सांगितलं.

बाळारामने अठराचं खोकं आत पाठवलं. त्यातल्या बाटलीचे चार थेंब, रंगाचे दोन. आम्ही सगळे त्या ट्रेवर वाकलो. पिवळं. पिवळंच राहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं. असं पिवळं मी पुन्हा पाहिलं नाही.

डॉक्टरांनी बाही पुन्हा वर केली. "खात्री आहे ना बाई?"

"आहे."

आणि म्हणताना मला जाणवलं, की खात्री माझी आणि दंड त्यांचा, असं मी सहा वर्षं मनात गृहीतच धरलं होतं. अर्ध्या तासापूर्वी तो दंड गेलाच होता. मी म्हटलं, "डॉक्टर, आधी मी."

"तुम्ही?"

टेक्निशियन बाई काचेपलीकडून म्हणाल्या, "मॅडम रेडीच आहेत, मेटल काढलेलंच आहे."

भाऊसाहेब म्हणाले, "अहो, पण घरी विचारलंत का?"

"तुम्ही खोकं नेताना मला विचारलंत?" मी म्हटलं.

डॉक्टरांनी मात्र माझी कसून चौकशी केली. किडनीचा त्रास? दमा? पोटात बाळ? सगळ्याला नाही. मग मी झोपले. आत सरकताना छत नाकावर आलं आणि दणदण सुरू झाली, लग्नाच्या वरातीतला ढोल कोणीतरी पत्र्यावर बडवतंय तशी. साधं चित्र झालं. मग दंडात गार वाटलं. माझं कडं, माझं शेपूट, माझ्या आठ जागा, आता माझ्याच रक्तात फिरत होत्या. नववी जागा माझ्याच पाण्यासाठी मोकळी होती. हा विचार मनात आला आणि मला जे हसू आलं ते आवरेना. मायक्रोफोनमधून आवाज, "मॅडम, हलू नका." मी जीभ चावली. "मॅडम, प्लीज, चित्र हलतंय." मी मनात तीस आकडे उलटे मोजले. ते तीन वेळा मोजावे लागले.

बाहेर आले तेव्हा पडद्यावर मी होते. आतली. शिरा लख्ख पांढऱ्या, मध्ये ती हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी लख्ख पांढरी. मोठ्या चुंबकात माझा तोरा उतरला नव्हता. डॉक्टर पडद्याजवळ नाक नेऊन बघत होते. "बाई, हे बाजारातल्याहून उजळ आहे." भाऊसाहेबांनी तेव्हा पुडा सोडला आणि पहिला पेढा पडद्यातल्या मला दाखवून मग माझ्या हातात दिला. बाळाराम बाहेरून विचारत होता, "बाय जित्ती हाय ना?"

पुढचं थोडक्यात. आमचं औषध बाजारात आलं नाही. नीट रीतसर चाचण्यांची लांब वाट होती, ती अर्धीच चालून झाली आणि कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. त्यांना साध्या गोळ्या करण्यात रस होता. पुष्कळ वर्षांनी जगभरच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की सैल पकडीची औषधं किडनीच्या रुग्णांना बाधतात, आणि मग सगळे कड्यांच्या औषधांकडे वळले. ती बातमी वाचताना मला आनंद झाला आणि रागही आला. आमचं कडं कुठल्यातरी कपाटात पडून होतं. हा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पण दुसऱ्या दिवशीचं सांगायला हवं.

बुधवारी मी माझ्या डोक्याची फिल्म घेऊन परीक्षण विभागात गेले. विमलताई आदल्या दिवशी संध्याकाळी बाळाराम परत येईपर्यंत भट्टीसमोर उभ्याच होत्या, असं कळलं होतं. डॉक्टर बचावले हे ऐकून त्या भट्टीला टेकून रडल्या आणि मग आत्याच्या म्हशीचं ऐकून हसल्या, असंही बाळारामने सांगितलं. आता त्या नेहमीसारख्या होत्या. मी फिल्म पुढे केली. "हे बघा विमलताई, तुमचा अठरा."

त्यांनी हात धुतले, पुसले, आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. थेंबाचा रंग बघायच्या तशी मान तिरकी करून त्या माझा मेंदू बघत राहिल्या. मी दाखवत होते, ही शीर, ही पिट्युटरी. त्या मन लावून ऐकत होत्या. बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाल्या, "छान उजळलंय हो मॅडम. आत सगळं आहे की जागच्या जागी."

"आहे ना?" मी खुशीत म्हटलं.

"मग दर संक्रांतीला तुमच्याकडे हळदीकुंकू असतं, ऑफिसातल्या सगळ्या जणी येतात. मला बोलवायचं कसं सुचलं नाही?"

हे त्या हसत म्हणाल्या, अगदी खेळीमेळीने. त्या हसत होत्या म्हणून मीही हसायला लागले, आणि अर्ध्यावर थांबले. त्यांनी फिल्म अजून उजेडात धरली होती, आणि मला माझ्या डोक्याकडे बघवेना.